तिला परत पाठवणारा लेखक

माझी सून म्हणते, ‘आई, सिरियल आहे ती, एवढं काय मनावर घेता?’ घेणार! का नाही घेणार? काल मेलेला माणूस आज दाढी वाढवून दारात उभा, मार खाल्लेली बाई दिवाळीच्या भागात नवऱ्याला ओवाळतेय, आणि आम्ही काय टाळ्या पिटायच्या? रिमोट मी फेकत नाही, कारण तो महाग असतो. पण तोंड मात्र सोडते. ही सवय आजची नाही. सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याला टीव्ही आला असं नुसतं ऐकत होतो, आमच्या सोलापुरात होता रेडिओ. भांडायला तेवढा पुरायचा.

आम्ही तेव्हा विणकरांच्या वस्तीत भाड्यानं राहायचो. आजूबाजूला सगळी तेलुगू घरं. पुरुष मागावर, बायका बिडी वळायला. अख्ख्या बोळात ट्रान्झिस्टर एक, तो माझा. सेल संपत आले की उन्हात वाळवून पुन्हा घालायची. गुरुवारी दुपारी एक मालिका लागायची. त्या वेळेला बायका पानं-तंबाखूची सुपं घेऊन माझ्या ओट्यावर यायच्या. बाजारातली मराठी त्यांना उत्तम यायची, पण रेडिओवरची छापील मराठी डोक्यावरून जायची. म्हणून शेजारच्या अम्माची लेक रेडिओला कान लावून बसायची आणि प्रत्येक वाक्य तेलुगूत सांगायची.

हे काम तिच्याकडं आलं, कारण तिच्यानं बिडी भरभर वळवत नव्हती. नवऱ्यानं भांडणात तिच्या उजव्या हाताचं बोट मागं पिरगाळून मोडलं होतं. ते वाकडंच जुळलं. दोरा ओढताना बोट साथ देईना, आणि बिडी सुटायची. भिवंडीहून ती माहेरी आली ती एका पिशवीनिशी. सासरचे निरोपावर निरोप धाडत होते, ‘पाठवा, पाठवा.’ अम्मा ना हो म्हणत होती, ना नाही. विधवा बाई, घरात अजून दोन लेकी उजवायच्या, आणि जातीतली तोंडं काय कमी असतात?

आणि मालिका नेमकी काय? तर एका मारकुट्या नवऱ्याची बायको घर सोडते, शिलाई मशीन घेते, पोटापुरतं कमावते. लेखकानं काय लिहिली होती ती बाई! नवरा दारात येऊन गुरगुरला, तेव्हा ती म्हणाली, ‘आवाज खाली. हे माझं घर आहे.’ आमच्या ओट्यावर एकीच्या हातची पानं खाली सांडली. ‘लई ब्येस बोलली की!’ म्हणून मी ओरडले. पोरीनं ते वाक्य तेलुगूत दोनदा सांगितलं. कोणी सांगायला लावलं नव्हतं.

हळूहळू त्या बायकांनी मालिकेचं कोर्टच करून टाकलं. भिवंडीहून पक्का निरोप आला, येत्या रविवारी जातीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला घेऊन येतोय, पोरीला न्यायलाच. सगळ्याजणी अम्माला विचारायला लागल्या, काय करणार? अम्मा शांतपणे म्हणाली, ‘गुरुवारी शेवटचा भाग हाय. ती काय करती बघू, मग ठरवू.’ मी म्हटलं, ‘अहो अम्मा, रेडिओवरच्या नाटकावर लेकीचं ठरवता?’ तर म्हणाली, ‘रेडिओवर शिकलेली माणसं लिवत्यात, वैनी. आमच्यापेक्षा शाणी असत्याल की.’ पोरगी खाली मान घालून बिडी वळत होती. पुन्हा सुटली.

गुरुवार आला. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि त्या मेल्या लेखकानं काय करावं? नवरा जिन्यावरून पडला! आंधळा झाला! इतके आठवडे राक्षस असलेला माणूस एका पायरीवरून घसरून देवमाणूस झाला. सासू रडतेय, तो रडतोय, सनई वाजतेय, आणि आमची ती मशीनवाली बाई मशीन विकून धावत येऊन त्याच्या पायाशी बसते, आणि म्हणते, ‘माझं खरं घर हेच.’ अगं बाई! माझ्या अंगाची अशी लाही लाही झाली! ज्यानं मारलं त्याचेच पाय? मग इतके दिवस आम्हाला कशाला झुलवलं? बाईला उभी करायला एवढे आठवडे घेतले, आणि आडवी करायला पाच मिनिटं पुरली याला. पुढ्यात असता तर त्याच्याच कागदाची पुंगळी करून तोंडात कोंबली असती.

तोंड उघडणार होते, तेवढ्यात ओट्याकडं लक्ष गेलं. सगळ्या पोरीकडं बघत होत्या. तिनं अजून सांगितलंच नव्हतं.

अम्मानं विचारलं, ‘तो का रडतोय?’

पोरीनं रेडिओवरची नजर काढली नाही. म्हणाली, ‘ती येत नाही म्हणून.’

‘मग गेली का न्हाय ती शेवटी?’

‘पोलेदु,’ पोरगी म्हणाली. नाही गेली. एवढी तेलुगू मला येत होती.

अम्मा माझ्याकडं वळली. ‘व्हय का वो, वैनी?’

‘व्हय,’ मी म्हटलं. ‘न्हाय गेली. मशीनच घेऊन बसली.’ आणि रेडिओ खटकन बंद केला, नाहीतर निवेदिका बाई पुन्हा सगळा समारोप सांगत बसली असती.

रविवारी सासरचे आले. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले, कान तिकडंच; माझी मोडकीतोडकी तेलुगू तेवढ्याला पुरली. वडीलधाऱ्या माणसानं सुपारी कातरत लांबलचक सुरुवात केली, बाईचा जन्म, संसार, सोसणं. अम्मा बिडी वळत ऐकत होती. त्याचं झाल्यावर म्हणाली, ‘माझी लेक येणार न्हाय.’

‘का?’

‘रेडिओत ती बाई गेली न्हाय. शिकलेल्या लोकांनीच लिवलंय.’

तो माणूस मोठ्यानं हसला. ‘कोण म्हणतंय? मी सोता ऐकलंय शेवटचा भाग. गेली की ती! नवऱ्याच्या पायाशी बसली!’

माझ्या हातातलं सूप तिरकं झालं. पोरगी दारात उभी होती. अम्मानं वळून आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली नाही. अम्मानं हातातल्या बिडीला दोऱ्याचा वेढा दिला, ती सुपात ठेवली, आणि लेकीचा उजवा हात धरून पुढं ओढला, वाकडं बोट त्या माणसाच्या नाकापुढं येईल असा.

‘तुमच्या रेडिओत गेली असंल,’ अम्मा म्हणाली. ‘आमच्या न्हाय गेली.’

आणि तिनं पुढचं पान घेतलं.