क्रांतीच्या मसुरातलं कूट

क्रांती नलवडे मूळची कुंडलची. बारावी झाली आणि लग्न होऊन कराडजवळच्या एका गावात आली. नवरा नाथाजी फौजेत, सुट्टी मिळेल तेव्हा घरी येणारा. घरचा ऊस होता, पण उसाला रोज माणूस लागत नाही आणि क्रांतीला नुसतं बसवत नाही. हायवेच्या सर्व्हिस रोडला त्यांच्या रानाचा एक तुकडा होता. तिथं तिनं पत्र्याचं शेड टाकलं आणि सासूला हाताशी घेऊन भाकरी आणि अख्खा मसूर विकायला सुरुवात केली. पुढं शेडचं पक्कं हॉटेल झालं. पुणे-कोल्हापूर करणाऱ्या गाड्या त्या मसुरासाठी मुद्दाम थांबायला लागल्या.

मसूर साळूबाईचा, म्हणजे सासूचा. रस्सा दाट, मऊ, जिभेवर रेंगाळणारा. गिऱ्हाइकं अंदाज बांधायची. कुणी काजू म्हणायचं, कुणी खसखस, कुणी साय. साळूबाई नुसती हसायची. मंद आचेवर भाजलेले, साली पाखडलेले शेंगदाणे ती घरी पाट्यावर लोण्यासारखे वाटायची आणि झाकणाच्या डब्यातनं हॉटेलात आणायची. तिथं त्या कुटाचं नाव 'मसाला'. वाढप्यांना तेवढंच ठाऊक.

एका रविवारी दुपारी सांगलीची पद्मा आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी स्वानंदी पुण्याला जाताना तिथं जेवायला थांबल्या. ताटं मांडायच्या आधी स्वानंदीनं वाढप्याला, तानाजीला विचारलं, "काका, मसुरात शेंगदाणे असतात का?"

"मसुरात कुठनं शेंगदाणं, ताई?" तानाजी हसत म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. शेंगदाणा म्हणजे त्याच्या लेखी चिवड्यात दिसतो तो.

दोन घास गेले असतील. स्वानंदीनं ओठ चोळले, पाणी प्यायली, मग खोकायला लागली. क्रांती गल्ल्यावर होती. तिला वाटलं ठसका लागला. जवळ जाऊन बघते तर पोरीचे ओठ सुजलेले, मानेवर लाल गांधी उठलेल्या आणि आवाज घशातच अडकलेला. पद्मानं पर्समधनं अशा वेळेसाठी ठेवलेलं ॲलर्जीचं इंजेक्शन काढलं आणि ड्रेसवरनंच तिच्या मांडीत टोचलं.

"जवळचा मोठा दवाखाना कुठं आहे?"

"चावी द्या," क्रांती म्हणाली. "तुमी पोरीजवळ बसा. गाडी मी घेते."

कराडच्या वाटेवर मागच्या सीटवरनं पद्मानं विचारलं, "ताई, डॉक्टर विचारतील. मसुरात काय होतं, खरं सांगा."

घरात आल्यापासून क्रांतीनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. माहेरी आईनं विचारलं तेव्हाही नाही. तिनं आरशात बघितलं. पोरगी डोळे मिटून कशीबशी श्वास ओढत होती.

"शेंगदाण्याचं कूट," क्रांती म्हणाली. "बारीक वाटून घालतो."



दवाखान्यात पुढचे उपचार झाले. सूज उतरली, तरी रात्रभर ठेवून घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काही जणांच्या अंगाला शेंगदाणा अजिबात सोसत नाही, चिमूटभरसुद्धा जिवावर बेतू शकतो, हे त्यांनी क्रांतीला दोन वाक्यांत समजावलं आणि ते पुढच्या पेशंटकडं गेले. बाहेरच्या बाकावर क्रांती पद्माशेजारी बसली. पद्मा ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. पद्मा हळू आवाजात एवढंच म्हणाली, "आम्ही विचारलं होतं हो."

अंधार पडताना क्रांती घरी आली. साळूबाईनं आधी पोरीचं विचारलं, ती बरी आहे म्हटल्यावर देवाला हात जोडले. मग दुसरा प्रश्न आलाच.

"कुटाचं सांगितलंस?"

"सांगितलं, आत्ती. आणि आता समद्यांनाच सांगणार हाय."

"अगं, मग ऱ्हायलं काय आपल्यापाशी? उद्या शेजारचा हॉटेलवाला नानासो बी तसाच मसूर करंल."

"करू दे. ती पोरगी आपल्या दारात मेली असती."

साळूबाई दोन दिवस सुनेशी कामापुरतंच बोलली.

क्रांतीनं आधी वाटण न घालता मसूर करून बघितला. नेहमीची गिऱ्हाइकं ताटं अर्धी टाकून उठली. मग तिला वाटलं, एक पातेलं आणि एक पळी वेगळी ठेवली की झालं. पद्माचा नंबर तिनं घेऊन ठेवला होता. फोन करून तिनं स्वानंदीची चौकशी केली आणि मनातलं विचारलं. पद्मानं उलट विचारलं, "तेल कोणतं वापरता? ठेचा कशात कुटता?"

क्रांती फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तेल घाण्याचं, शेंगदाण्याचं. ठेच्यात शेंगदाणे, आणि त्याच खलबत्त्यात लसूण. झुणका त्याच तेलात. वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. ज्या हातानं कूट घालायचं त्याच हातानं भाकरी थापायची. इतकी वर्षं ती त्या खोलीत वावरत होती, आणि शेंगदाणा नसलेली एक जागा तिला तिथं दाखवता आली नसती.

तिनं पेंटरला बोलावलं आणि दारातनं आत आल्यावर समोरच दिसेल अशा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'आमच्या अख्ख्या मसुरात शेंगदाण्याचं कूट असतं. बाकी पदार्थांतही शेंगदाणा किंवा त्याचं तेल असतं. कुणाला शेंगदाणा किंवा दुसरं काही बाधत असेल, तर मागवण्याआधी सांगा.' तानाजीला तिनं बजावलं, "ठाऊक नसंल तर न्हाई म्हणायचं न्हाई. मला येऊन इचारायचं." तानाजीनं त्या दिवसाचा फार धसका घेतला होता. पुढं कितीतरी दिवस तो चहा मागणाऱ्यालासुद्धा विचारायचा, दूध चालतं ना?

भिंत वाचून लोक हसले. "शेंगदाणा बाधतो व्हय गं? शेरातलं लाड हायती," असं गावातला एकजण म्हणाला. नानासोनं खरंच महिन्याभरात मसुरात कूट घालायला सुरुवात केली. साळूबाईनं तिथला मसूर मागवून चाखला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सुनेकडं बघून मोकळं हसली. "करपवलंय," म्हणाली. "भाजायचं कुणी शिकवलं न्हाई त्याला."

पावसाळ्याच्या शेवटी एक जोडपं लहान मुलाला घेऊन आलं. महाबळेश्वरहून सांगलीकडं निघालेलं, मूल भुकेनं कुरकुरत होतं. बापानं भिंत वाचली आणि क्रांतीकडं आला.

"याला शेंगदाणा चालत नाही. यातलं काय देऊ शकाल?"

'भात देते' असं क्रांतीच्या ओठांवर आलंच होतं. पण भाताची पळी कुठं फिरून येते हे तिला माहीत होतं.

"खरं सांगू, दादा? आमच्यातलं कायबी नका देऊ त्याला."

"मग भिंतीवर लिहिलंय कशाला?" तो वैतागला.

"याच्यासाठीच लिहिलंय."

तिनं शेजारच्या गाड्यावरनं केळी मागवली आणि मुलाच्या आईला दिली. मूल केळं खात गाडीत बसलं. बाप जाताना कसनुसं हसला, पण आई थांबली. "आजवर असं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं," म्हणाली आणि गेली.

साळूबाईनं हे सगळं बघितलं होतं. कुटाचं गुपित फुटलं तेव्हा लागलं नव्हतं एवढं तिला हे लागलं. भुकेलं लेकरू आपल्या दारातनं जेवल्याशिवाय गेलं, हे तिच्या रीतीत बसत नव्हतं. रात्री ती जेवली नाही. सकाळी सुनेला म्हणाली, "मागच्या खोलीत नवी शेगडी मांड. तवा नवा, परात नवी, तेल सूर्यफुलाचं. तिथं शेंगदाणा आणायचा न्हाई. मी करीन."

क्रांतीनं तशी सोय केली. वरण, भात, भाकरी आणि एखादी पालेभाजी, एवढंच. पण आधी फोन करून सांगायचं, असं भिंतीवर आणि रस्त्याकडच्या पाटीवरही नंबरासकट आलं. साळूबाईनं त्या दिवसापासून पाट्यावरचं वाटण क्रांतीकडं दिलं, कारण कूट लागलेला हात तिला त्या खोलीत चालत नव्हता. एकदा क्रांती घाईत पीठ मागायला आत शिरली तर म्हातारी केवढ्यानं ओरडली, "भाईर! आधी हात धू, लुगडं बदल, मग ये."

"आत्ती, माझंच हॉटेल हाय की."

"हॉटेल तुझं. ही खोली माझी."

फार लोक येतात असं नाही. कधी आठवड्यात एखादं कुटुंब, कधी पंधरा दिवस शेगडी पेटत नाही. पद्मा अधूनमधून फोन करते. स्वानंदी बरी आहे, पण बाहेरचं काही खात नाही. क्रांती तिला या म्हणून आग्रह करत नाही. मसुराचं गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. परवा नाथाजी सुट्टीवर आला, भिंत वाचून म्हणाला, "एवढं लिहायचं तर चव चांगली हाय म्हणून बी लिहायचं होतंस."

"ती खाल्ल्यावर कळती," क्रांती म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडं वळली.