स्वयंपाकघरातून ऐकलेला सिनेमा

लग्न होऊन सासरी, ईट गावाला आले त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तो सिनेमा आमच्या घरी किती वेळा लागला याची गणतीच नाही. चांगला साडेतीन तासांचा, गाण्यांनी भरलेला. नदीकाठच्या गावातली माणसं बाभळीच्या काठ्या तासून हॉकी शिकतात आणि छावणीतल्या गोऱ्या साहेबांना हरवतात, अशी गोष्ट. तो लागला की सासरे आवाज वाढवायचे, शेजारचे निवृत्त गुरुजी दारात चपला काढून आत यायचे आणि मी स्वयंपाकघरात जायची. मला तो सगळा ऐकून पाठ होता. होडीचं गाणं सुरू झालं की चहा टाकायचा, सामना सुरू झाला की भजी तळायला घ्यायची.

प्रत्येकाचं मत ठरलेलं होतं. सासरे एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना गाणी नको असायची. "गाणी काढून टाकली तर पिच्चर दोन तासात संपतंय. खेळ दाखवा की सरळ." गुरुजींना वाटायचं, हे सगळं खरंच घडलेलं आहे, फक्त कुठं ते कुणी लिहून ठेवलं नाही. माझा नवरा पतसंस्थेत कारकून आहे. तो म्हणायचा, शेवटची पंधरा मिनिटं तेवढी बघण्यासारखी. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून डाळ निवडत बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. मला कुणी विचारलं नव्हतं. पाहिलाच नव्हता, तर विचारणार काय?

यंदा मोरीत पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. तालुक्याला, भूमला नेऊन प्लास्टर घातलं, महिनाभर पाय टेकायचा नाही म्हणाले. आमची खोली माडीवर, जिना चढता येईना, म्हणून माझी खाट बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर टाकली. सगळ्यांची ये-जा तिथूनच. सासरे आले की पदर सावरायचा, कुणी पाहुणा आला की भिंतीकडे तोंड करायचं. कूस बदलायची तरी सासूबाईंना हाक मारावी लागायची. छताच्या फळ्यांना किती खिळे आहेत ते मला त्या महिन्यात पाठ झालं.

दुसऱ्या रविवारी दुपारी सिनेमा लागला. गुरुजी आले, नवरा घरीच होता. मी उठून जाणार कुठं? पहिल्यांदा तो अख्खा पाहिला.

त्यातली नायिका एका गाण्यात नदीचं कोरडं पात्र पळत ओलांडते. साहेबांचे घोडेस्वार मागं आणि ही पुढं, निरोप पोचवायला. नऊ वर्षं मी फक्त ते गाणं ऐकलं होतं. ती कशी पळते ते माहीत नव्हतं. अंग वाकवून, एकदम दिशा बदलून, मागच्याला हूल देत. मला एकदम माहेरचं, लोहाऱ्याच्या शाळेचं मैदान दिसलं. मी तिथं खो-खो खेळायची. जिल्ह्याच्या संघात होते. राज्याच्या निवडीला जायचं त्याच महिन्यात लग्न ठरलं आणि खेळाच्या बाईंनी घरी येऊन वडिलांना केलेल्या विनवण्या वाया गेल्या.

पुढं सिनेमात संघाला अकरावा गडी मिळत नाही. गावभर शोधतात. शेवटी एका लंगड्या नावाड्याला उभा करतात. गुरुजी म्हणाले, "बघा, कुणालाच कमी लेखायचं नसतं. हाच याचा संदेश."

मी न ठरवता बोलून गेले, "आणि ती? मघाशी घोड्यांच्या पुढं पळाली ती. तिला का नाही घेतलं?"

सासरे हसले. "बाया कुठं खेळतेत व्हय साहेबासंगं?"

"मी खेळलेय, मामा. लग्नाआधी. जिल्ह्याकडनं."

टीव्हीत ढोल वाजत होते. सासऱ्यांना हे माहीत होतं. बघायला आले तेव्हा वडिलांनीच सांगितलं होतं, पोरगी चपळ आहे म्हणून. पण ते विसरून गेले होते, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. ते उठले, रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. सामना अजून सुरूही झाला नव्हता. गुरुजींनी चपला घातल्या.

"वडिलांसमोर असं बोलायचं का?" नवऱ्यानं विचारलं.

"सिनेमाबद्दलच बोलले ना."

त्यानंतर सासऱ्यांनी तो सिनेमा लावला नाही. चॅनेल बदलताना दिसला तरी पुढं जायचे. गुरुजींचं येणं कमी झालं. घरातली एक मजा माझ्यामुळं गेली, असं कुणी म्हटलं नाही, पण खाटेवर पडल्या पडल्या ते मला दिवसभर ऐकू यायचं. मी चुकले नव्हते, तरी माफी मागावीशी वाटायची. आणि तिथून उठून जाताही येत नव्हतं.

प्लास्टर निघायच्या आठवड्यात सासरे तुळजापूरला दर्शनाला गेले होते. सासूबाई माझ्या खाटेच्या कडेला बसल्या.

"त्या पिच्चरमधी होडीच्या गाण्यात नाचणारी बाई हाय बघ, होडीत बसून निघून जाती ती."

"व्हय. पुढं दिसतच नाही. गुरुजी म्हणतात, करणारे विसरले तिला."

"विसरले न्हाय." त्यांनी माझ्या पायावरची चादर नीट केली. "मी तेवढ्यासाठीच बघती. ती गेली. कुणी आणाया गेलं न्हाय, तिनं मागं बघितलं न्हाय. मला लई बरं वाटतं."

नऊ वर्षांत त्या माझ्याशी इतकं बोलल्या नव्हत्या. मी विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला कुठं जायचं होतं?"

त्यांनी माझ्या पाठीमागं हात घातला. मग म्हणाल्या, "तसं कुठं ठरलं नव्हतं." आणि मला धरून बसवत त्यांनी विचारलं, खो-खो खेळताना खाली बसलेल्या पोरींना उठायचं कधी ते कसं कळतं?

मी सांगितलं, पाठीवर थाप पडते आणि कानाशी कुणी तरी ओरडतं. तोवर बसून राहायचं, पण टाचा उचललेल्या ठेवायच्या.