चौसष्ट चौकोनांची जखम

आमच्या मामेसासऱ्यांच्या डाव्या घोट्यावर अकरा वर्षं जी जखम होती, तिच्याइतकी काटेकोर मोजलेली जागा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी नसेल. आमच्याकडे बदलापुरात फ्लॅटचा जो कार्पेट एरिया सांगतात त्यात निम्मी बाल्कनी आणि निम्मी आशा असते. मामांच्या जखमेत मात्र मिलिमीटरचीही लबाडी नव्हती. निदान आम्ही सगळे तसं समजत होतो.

मामा अंबरनाथच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस होते. मशीनवरून उतरलेला तुकडा गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचा: पास, रीवर्क किंवा रिजेक्ट. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, शब्द सुटले नाहीत. भाकरी कडेला जाड झाली की "रीवर्क". सोसायटीच्या गणपतीची आरास दीड इंच डावीकडे झुकली की "रिजेक्ट", आणि तेही आरतीच्या मध्येच, टाळ थांबवून. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, "टॉलरन्समध्ये आहे. घ्या." म्हणजे चूक आहे, पण खपण्याइतकीच; एवढ्या प्रमाणपत्रावर माझा संसार उभा आहे. मामींच्या स्वयंपाकाला मात्र 'पास' मिळाल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते काही न बोलता जेवले की पास समजायचं, असं मामींनीच आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

जखमेचं कारण डॉक्टरांच्या मते अगदी सरळ होतं. बत्तीस वर्षं उभं राहून पायाच्या शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या होत्या. रक्त वर चढायचं ते पायातच साचायचं आणि घोट्यावरची कातडी आतून खचायची. उपायही सरळ: उभं राहू नका, बसाल तेव्हा पाय उंच ठेवा, घट्ट पट्टी बांधा. पण मामा सोसायटीच्या पाण्याचे स्वयंघोषित प्रमुख. बारवी धरणाचं पाणी सकाळी यायचं, आणि टाकीजवळ दोन तास हातात वॉल्व्हची चावी घेऊन उभं राहिल्याशिवाय ते आमच्या मामांच्या मते पाइपात शिरलंच नसतं. स्वतःच्या पायातल्या झडपा गळत होत्या आणि हे गृहस्थ सोसायटीची झडप सांभाळत उभे होते. कुणी सुचवलंच तर म्हणायचे, "मी पाण्यासाठी उभा असतो, स्वतःसाठी नाही." जणू हे शिरांना कळवलं की त्या समजून घेणार होत्या.

पट्टीऐवजी घट्ट मोजे घ्यायला त्यांनी मला उल्हासनगरच्या बाजारात नेलं. औषधाच्या दुकानातल्या मोज्यांची किंमत त्यांनी आधीच रिजेक्ट केली होती. इथले मोजे आठ दिवसांत उशीच्या अभ्र्यासारखे सैल झाले, तेव्हा आम्ही परत गेलो. सिंधी दुकानदार अतिशय प्रेमानं म्हणाला, "साईं, इस दाम में टाइट भी मांगता है क्या?" मामांनी त्याला गुणवत्तेवर अर्धा तास व्याख्यान दिलं. उभ्यानं.

रोज सकाळी नऊ वाजता जखमेचा दरबार भरायचा. मामा पाय स्टुलावर ठेवायचे. मामी पट्टी सोडायच्या, जखम धुवायच्या, पुसायच्या. मग मामा बटर पेपर वर धरून बारीक पेनानं जखमेची कड गिरवायचे, तो कागद ग्राफवर ठेवून चौकोन मोजायचे आणि दर रविवारचा कागद तारीख घालून फायलीत लावायचे. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी फाइल मिळायची. घट्ट पट्टीची अडचण इथेच होती. ती एकदा नीट बांधली की आठवडाभर सोडायची नसते. म्हणजे सात दिवस जखम दिसणार नाही, आणि न दिसणारा माल मामांनी आयुष्यात पास केला नव्हता. अकरा वर्षं जखम मोजता यावी म्हणून त्यांनी ती उघडी ठेवली आणि अकरा वर्षं ती का भरत नाही याची चिंता केली. याला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही.

या दरबाराचा खर्च मामी भरत होत्या. त्यांचं माहेर बारवीच्या बाजूच्या एका पाड्यावर. तिथे नव्वदीच्या घरातली आई, भाताचं खाचर आणि एक भाऊ. अंबरनाथहून अंतर असं किती? पण रोज नऊची पट्टी चुकवायची नाही म्हणून मामी अकरा वर्षांत तिथे एक रात्रही राहिल्या नव्हत्या. सकाळची पट्टी उरकून जायच्या आणि दिवे लागायच्या आत परत यायच्या. आईचा निरोप यायचा, "येक डाव तरी र्‍हायला ये." मामी म्हणायच्या, "यांची जखम भरली की चार दिवस राहीन." म्हातारीकडे किती चार दिवस शिल्लक होते हे सगळ्यांनाच दिसत होतं.

गेल्या वर्षी अचानक फायलीला बरे दिवस आले. चौसष्ट चौकोनांवरून जखम अठ्ठावन्नावर आली, मग पन्नास, मग एकेचाळीस. दर रविवारी मामा मला फोनवर आकडा सांगायचे आणि शेवटी मामींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आता हिला म्हणावं, जाऊन ये." मामी आतून म्हणायच्या, "अजून थोडी भरू दे." सात आठवड्यांत जखम एकतीस चौकोनांवर आली. मामींनी पिशवी काही भरली नाही.

त्याच सुमारास मी त्यांना बदलापुरातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मामी बरोबर होत्याच. बाईंनी पायाची नाडी बघितली आणि जखमेतला स्राव टिपून तपासणीला पाठवला. मामांनी विचारलं, "दोन थेंब पाण्यात काय कळणार?"

"काका, जखमेत पाडकाम करणारे पदार्थ असतात आणि बांधकाम करणारेही असतात," बाई म्हणाल्या. "भरणाऱ्या जखमेत पाडकाम आवरतं. डोळ्याला दिसायच्या आधी ते या पाण्यात कळतं."

बदलापुरात हे उदाहरण समजायला कुणालाच वेळ लागत नाही. रिपोर्ट आला: पाडकाम जोरात, बांधकाम जवळपास बंद. मामा भडकले. फाइल काखेत घेऊन ते लॅबच्या खिडकीशी गेले आणि तिथल्या मुलीला म्हणाले, "तुमच्या मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखवा." ती बिचारी म्हणाली, "अंकल, वो तो ऑफिस में होगा, तुम्ही पावती दाखवा ना." मामांनी लॅब जागच्या जागी रिजेक्ट केली.

डॉक्टरीणबाईंनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी एक पारदर्शक कागद काढला, जखमेवर धरला, कड गिरवली आणि मामांच्याच ग्राफवर ठेवला. चौकोन मामांनाच मोजायला लावले. मामांनी मोजले, पुन्हा मोजले. चौसष्ट.

"काका, मग हे एकतीस कुठून आले?"

मामांनी फाइल मिटली. मग कारखान्यात चोरी पकडली गेल्यासारखे हळूच म्हणाले, "मीच पास केलं. हिची आई थकलीय. मी बरा आहे असं दिसल्याशिवाय ही जायची नाही."

मी आयुष्यभर त्या माणसाची टिंगल केली होती, आणि त्या क्षणी मला माझी लाज वाटली. मामी खिडकीबाहेर बघत होत्या.

त्याच दिवशी घट्ट पट्टी चढली. वॉल्व्हची चावी दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांकडे गेली आणि मामा तीन उशांवर पाय टाकून फोनवरून पाणी सोडायच्या सूचना देऊ लागले. तीन आठवड्यांनी पुन्हा स्राव तपासला. पाडकाम आवरलं होतं, बांधकाम सुरू झालं होतं. मामांनी चौकोन मोजले: त्रेसष्ट.

"डोळ्याला तर काही फरक नाही," मामी म्हणाल्या.

"पाणी सांगतंय ना," मामा म्हणाले. "जा तू."

स्वतःच्या हातानं न मोजलेली गोष्ट त्यांनी खरी मानल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. पट्टी आठवडाभर सुटणार नव्हती, म्हणून मामींना नकार द्यायला कारणच उरलं नाही. त्या गेल्या आणि चार दिवस राहिल्या. आईच्या शेजारी झोपल्या, तिच्या डोक्याला तेल लावलं. श्रावणात म्हातारी गेली. जखम पुरती भरली ती त्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर. अकरा वर्षांपूर्वी ती पट्टी बांधली असती तर, हा हिशेब मामा-मामी दोघंही मांडत नाहीत. मी मांडतो.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. मामा फाइल उपसून बसले होते. त्या सात खोट्या कागदांवर लाल पेनानं 'रिजेक्ट' लिहून मगच फाइल बंद करायची, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि नेमके तेच सात कागद सापडत नव्हते. मी स्वयंपाकघरात गेलो. डब्यांच्या फळीवर मामींच्या आईच्या लुगड्याची घडी होती आणि तिच्यातून बटर पेपरची कड डोकावत होती.

"मामी, तेव्हा तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"कळायचं काय त्यात, जावईबापू? रोज पुसत कोण होतं?" मामींनी लुगड्याची घडी सारखी केली. "या माणसानं जन्मात कधी माझी भाजी खोटी गोड म्हटली नाही. पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोलत होता. कसं अडवू?"

बाहेरून मामांचा आवाज आला, "अगं, सात कागद कमी भरतायत!"

"असतील तिथेच कुठेतरी," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.