माह्या केसाले टांगलेला खडा

परीक्षा सरली तरी हे घ्याले आले नाईत, तवाच मले वास आला का काईतरी हाये.

मी अकोल्याले माहेरी होती, पोरगी आठ मयन्याची. हे अमरावतीले कालेजात, बीएस्सीच्या पयल्या वर्साले, फिजिक्स घेऊन. पेपर झाले का येतो अन् तुमाले दोघीले गावाले नेतो, असं ठरलं होतं. आली ते चिठ्ठी. ‘सरायनं मले सुट्टीत संशोधनासाठी ठेवून घेतलं. तू येऊ नको, इथं ऊन लय हाये.’ मी चवथी शिकली, वाचता येते मले. तीनदा वाचली. कालेजले कुलूप अन् काम चालू? पगार नाई, परीक्षा नाई, मंग कायचं काम? अन् ऊन काय अमरावतीतच पडते, अकोल्यात काय बरफ पडून राह्यला? माय म्हने, एवढ्या उन्हात लेकरू घेऊन कुठी चालली वं? मी आयकलंच नाई. पोरीच्या डोक्याले ओला फडका बांधला अन् मोटारीत बसली.

यायनं दार उघडलं, अन् मले पाहून हासले नाईत. आदी मागं वळून कोपऱ्याकडं पाह्यलं. तेच मले लागलं. एकच खोली आमची भाड्याची, त्या कोपऱ्यात घडवंची, घडवंचीवर पान्याचे माठ. मी तिकडं पाय उचलला तं आडवे झाले.

“तिकडं नको जाऊ.”

“काहून?”

“काम हाये माह्यं तिथं.”

“माठाखाली कोनतं काम असते जी?”

“संशोधन हाये.”

“मले नका शिकवू. माठाखाली बेंडकं राह्यते.”

तवा कुठं हासले. मंग पोरीले मांडीवर घेतलं अन् सांगतलं. मुंबईले एक मोठी संस्था हाये, तिथं अणूचं अन् किरणायचं काम चालते. ते लोक उन्हाळ्यात कालेजातल्या पोरायले दोन मयने बोलावते, अन् जे मोठमोठे शिकलेले करते ते काम त्यायच्या हातून करून घेते. म्हने, आमी आतावरी पुस्तकात पाठ केलं, तिथं यंत्राले हात लावाले भेटते. इथून नाव एकाचंच जानार. सरायनं दोन पोरं निवडले अन् दोघायले एकच काम देल्लं: भरनीतल्या पान्यात एक खडा वाढवाचा, रोज त्याचं माप घ्याचं, पारा किती चढला ते लिवाचं. कालेजची खोली दुपारी तापते, म्हून भरनी घरी आनली. माठाखालच्या ओल्या रेतीत तिले थंडावा सारका राह्यते.

“खडा वाढते?” मी म्हनलं. “झाड हाये का ते?”

“पाह्यशीन तवा समजन. फक्त हात नको लावू. हालवू बी नको.”

“अन् मुंबईले गेल्यावर मी कुठी?”

“तू अकोल्याले. दोनच मयने तं.”

दोनच मयने. मुंबईले गेलेला मानूस कोनता दोन मयन्यात वापस येते? आमच्या गल्लीतला एक गेला होता गिरनीत, त्याची बायको अजून दारात उभी राह्यते. अन् हे सर. ते आपल्यातले नाईत. वकील-मास्तरायच्या घरातले, डोक्यावर काळी टोपी, बोलनं पुन्याचं. माह्या सासऱ्याले शाळेत दरवाज्याच्या भायेर बसोत, त्यायच्याच जातीचे मास्तर होते तवा. अन् आता एकाएकी आमच्याच मानसावर एवढी माया? शंभर पोरं असतीन कालेजात. मले वाटे, याईले राबवून घेतीन, खडा घेतीन अन् नाव दुसऱ्याचं धाडतीन. नाईतं मंग खरंच धाडतीन अन् मानूस जाईन माह्या हातातून. दोन्ही बाजूनं माह्यंच मरन.

आठ दिवस मी हात लावला नाई. हे सकाळ-संध्याकाळ वाकून पाहात, वहीत लिवत, अन् दुपारी सरायकडं जात. नवव्या दिवशी माठात पानी भरून राह्यली होती तं राह्यवलं नाई. रेती बाजूले केली, वरचा कागद उचलला.

आत आडवी काडी, काडीले लोंबलेला खडा. बोराएवढा, काचेवानी. आठ बाजू, जनू कोन्या सोनारानं घासल्या. मी घडीभर पाहातच राह्यली. मंग दिसलं का तो लोंबून राह्यला ते सूत नोहोय. केस हाये. लांब, काळा, बाईचा.

आमी बाया फनीतले केस अशे कुठी टाकत नाई. गुंडाळाचे, थुकाचे, मंगच टाकाचे, कोनाच्या हाती नाई लागले पायजे. केसावर काय काय करते लोक. मी माह्या केसाशी तो मापून पाह्यला. माह्याच एवढा. मले न इचारता घेतला होता! अन् जर माहा नोहोय तं कोनाचा? यायच्या वर्गात एक पोरगी होती, वेनी कमरेखाली, ते मले मालूम होतं.

भिंतीपल्याडच्या काकूले मी दबक्या आवाजात सांगतलं. म्हातारी होती, साऱ्या आळीच्या लेकरायले तेल लावे. तिनं गालावर हात मारला.

“अवं माय! बाईचा केस, पान्यात, अन् माठाखाली झाकून? पोरी, तुह्या नवऱ्यानं नाई केलं तं कोनी करून देल्लं त्याले.”

“ते म्हनते सराचं काम हाये.”

“मंग सरानंच केलं!”

म्या यायले इचारलं नाई. इचारती तं सारं मोकळं झालं असतं. पन मले वाटे, जो मानूस आडवा होते तो खरं काय सांगनार.

मंग पोरीले ताप आला. शनवारी सकाळपासून अंग तव्यावानी. हे सरायकडं गेलेले. मी कांदा ठेचून तळपायाले लावला, पानी पाजलं, तं ओकली. दुपार टळली तरी डोळे उघडेना. काकू आली, तिनं पोरीचे डोळे पाह्यले.

“दृष्ट हाये. लय कडक. तुरटी हाये का घरात?”

आमच्या घरात तसलं काई करत नाई. दीक्षा घेतली त्या साली सासऱ्यानं घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले, अन् उतारे-पातारे, दृष्टी-मिष्टी सारं बंद. मी लगन होऊन आली तवा सासऱ्यानं पयली गोष्ट हेच सांगतली होती. पन लेकरू हातात निपचित पडल्यावर कोनाले काय आठवते? घरात तुरटी नोहती. अन् मी कोपऱ्याकडं पाह्यलं. कोन्या घडीले माह्या मनात आलं, मले नाई मालूम. मी गेली, खडा काढला, जिभीले लावला. तुरट.

“तुरटीच हाये,” मी म्हनलं.

“पाह्य! घरातली पीडा घरातच बसली होती. आन इकडं.”

आता तो आवळ्याएवढा झाला होता. म्या पोरीवरून सात खेपा उतरवला अन् केसासंग चुलीतल्या इस्तवात टाकला. आदी तडतडला. मंग त्याले पानी सुटलं, बुडबुडे आले, अन् फुगत फुगत पांढरा फेस झाला. ज्याची दृष्ट लागली त्याचं रूप तुरटीत उमटते म्हनते, म्हून काकू वाकून पाहे.

“गडी मानूस हाये. हे पाह्य नाक. अन् हे डोक्यावर... टोपी!”

दिवेलागनीच्या आदी पोरीनं डोळे उघडले, दूध पेली. कांद्यानं का पान्यानं का कायनं, मले नाई मालूम. तेवढ्यात हे आले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मंग कोपऱ्यात गेले. रेती उपसलेली, काडी रिकामी.

“कुठी हाये?”

मी चुलीकडं पाह्यलं. यायनं तिथं जाऊन तो पांढरा गोळा चिमट्यानं उचलला, तं त्याचा चुरा झाला.

मले वाटलं आता हात उगारतीन. बोंबलतीन तरी. काई नाई. भिताडाले टेकून बसले अन् म्हनले, “परवा दाखवाचा होता.” बस. मंग वही उघडली अन् लिवाले बसले. लय येळ लिवलं. काय लिवून राह्यले एवढं? माह्या बापाले चिठ्ठी? घेऊन जा तुमची पोरगी?

सकाळी हे नळावर गेले तसी मी वही पाह्यली. सारं इंग्रजी. आकडे तेवढे वाचता आले. मी वही पदराखाली घेतली, पोरीले काखेत घेतलं अन् सरायच्या घराचा पत्ता इचारत निंगाली. एक तं सांगाचं होतं का चूक यायची नाई, मी जाळला. अन् दुसरं, ते वही कोनाकडून तरी वाचून घ्याची होती. अमरावतीत इंग्रजी वाचनारा मले तो एकच मालूम.

सर ओसरीत पेपर वाचत बसले होते. टोपी होतीच डोक्यावर.

“या बाई, आत या, बसा.”

मी पायरीवरच उभी राह्यली. एका दमात सारं सांगून टाकलं. ते रागावले नाईत. उलटे इचारू लागले. विस्तवात टाकल्यावर आधी काय झालं? पाणी किती वेळ सुटलं? फुगून केवढा झाला? मले वाटलं माही थट्टा करून राह्यले.

“तुरटीत जवळजवळ निम्मं पाणीच असतं, बाई. ते निघून गेलं. आकार कोणाचा दिसला म्हणता?”

“तुमचा,” माह्या तोंडून निंगून गेलं. “टोपी होती.”

त्यायनं डोक्यावरची टोपी काढली, आतून-भायेरून पाह्यली. “ही तर निम्मी अमरावती घालते.” अन् हासले. मले हासू नाई आलं.

“अन् केस कोनाचा होता, सर?”

“तुमचाच. मीच सांगितलं होतं त्याला, बायकोचा केस वापर. दोरा पाण्यात फुगतो, त्याच्यावर भलते खडे धरतात. केसावर धरत नाहीत. त्यानं तुम्हाला विचारलं नाही?”

“नाई.”

“गाढव आहे.”

मी वही पुढं केली. “याच्यात मागच्या पानावर काय लिवलं, ते वाचा. जसंच्या तसं. गाळू नका काई.”

त्यायनं चष्मा लावला अन् मराठीतून सांगतलं. बाविसावा दिवस. सकाळचा पारा एवढा. संध्याकाळी खडा नाही. मुलगी आजारी असल्यानं घरात विस्तवात टाकला गेला. हा खडा कशासाठी आहे हे मी पत्नीला नीट सांगितलं नव्हतं, केसाबद्दल विचारलं नव्हतं. चूक माझी.

मले हे आयकून बरं वाटाले पायजे होतं. पन मले राग आला. माह्याशी बोलले नाईत, वहीशी बोलले.

“आता दुसऱ्याचं नाव धाडसान,” मी म्हनलं. “आमाले मालूमच होतं. आमच्या लोकायले पुढं बोलवाचं अन् दारातून वापस धाडाचं, हे नवं नाई.”

पोरगी सरायच्या पेपराले हात मारे, तो त्यायनं तिले देऊन टाकला. मंग आतून दुसरी वही आनली.

“त्या दुसऱ्या मुलाचा खडा मोठा आहे, सुरेख आहे. पण अमरावतीच्या एप्रिलात बावीस दिवसांत एकदाही काही बिघडलं नाही, असं त्याची वही म्हणते. बाई, मीही तुमच्यासारखाच संशयी आहे. मला ज्या वहीत चुकलेलं लिहिलंय ती वही पाठवायची आहे.” अन् एक छापील कागद काढला. “या अर्जावर घरच्यांची संमती लागते. वडिलांची चालेल. पण मला तुमची हवी. नाहीतर तिकडचंही काही विस्तवात जाईल.”

सही केली का मानूस गेला. नाई केली तं इथंच राह्यते, माह्या डोळ्यापुढं, पन तो कसा राह्यते ते मी रात्री पाह्यलं होतं.

“कुठी राह्यतीन तिथं?”

“वसतिगृहात.”

“जेवन?”

“तिथंच.”

“वापस कवा?”

“जून संपेपर्यंत.”

“तोंडानं नाई. लिवून द्या. मराठीत. तुमची सही आदी, मंग माही.”

मी एवढं कशी बोलली, मलेच नाई मालूम. सर आत गेले, कोरा कागद आनला, लिवलं, सही केली, मले देल्ला. मी अक्षर लावत लावत वाचला. ‘या विद्यार्थ्यास सुमारे दोन महिन्यांकरिता...’

“हे ‘सुमारे’ काय हाये?”

“म्हणजे... साधारण. आमची सवय आहे तशी लिहायची.”

“ते खोडा, सर. तारीख टाका.”

त्यायनं माह्याकडं पाह्यलं, ‘सुमारे’ खोडलं, वरती तारीख टाकली अन् खोडलेल्या जागी पुन्यांदा सही केली. मंग मी पोरीले ओसरीत बसोलं, टाक हातात घेतला अन् चवथीत शिकोलं होतं तसं, एक एक अक्षर सुटं, अर्जावर माह्यं नाव लिवलं. त्यायचा कागद घडी करून मी चोळीत ठेवला.