मचाणावरचा ओटीपी

बाबांच्या मोबाईलला अजून त्यांच्या खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा वास येतो. आज धाकट्या बहिणीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला तो पिशवीतून काढला, आणि मी थेट माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षात जाऊन पडले.

तेव्हा घरात हा एकच फोन होता. माझं आधार त्याच नंबरला जोडलेलं, म्हणून ओटीपी बाबांकडे गावी चिचगडला जायचा आणि मी असाच फॉर्म भरायला गोंदियाच्या सेतू केंद्रात बसलेली. आमच्या धानाच्या बांधीत रेंज यायची ती फक्त रानडुकरांपासून पीक राखायच्या मचाणावर. बाबा सकाळपासून तिथे चढून बसले होते. मी केंद्रवाल्याच्या मोबाईलवरून फोन लावला. मागे पिकल्या धानाची सळसळ ऐकू येत होती.

"बाबा, नंबर आला का? लवकर सांगा."

"जेवली का वं, बाई?"

"नाही अजून. नंबर सांगा ना!"

"सांगून राहिलो ना. पण काऊन नाई जेवली?"

तेवढ्यात ओटीपीची वेळ संपली. केंद्रवाला वैतागला, "क्या मॅडम, फिर से भेजूं?" पुन्हा तेच झालं. लेकीला जेवणाचं विचारल्याशिवाय कामाचं बोलणं बाबांना जमेचना. शेवटी मी खोटंच "जेवली" म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला.

गेल्या पावसाळ्यात बाबा गेले.

आज ओटीपी माझ्याच हातात वाजला. मी तो टाकला आणि फॉर्म पहिल्याच झटक्यात पुढे सरकला. कुणी काही विचारलं नाही. दुपार कलली होती, आणि मी अजून जेवले नव्हते.