कवटी शाबूत होती

ती घटना मला अजून विसरता आलेली नाही. लिहिण्याचा सराव नाही. पण आठवले की संताप होतो, म्हणून लिहितो.

जुळे सोलापुरातील एका फ्लॅटमध्ये सव्वीस वर्षांची विवाहिता मरण पावल्याची खबर सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात आली; तपास माझ्याकडे होता. नवरा पदवीधर, नोकरदार. "फिट आली, पडली, गेली," एवढेच त्याने सांगितले. कवटी शाबूत, अंगावर जखम नाही. मी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि, सांगायला संकोच वाटतो, मनातून प्रकरण मिटवलेही.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. मेंढरे राखणारा. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"सायेब, तिला फिट कदी आलीच न्हाय. दाजी खोटं बोलत्यात. मूल व्हईना म्हनून बाधा काढायची म्हनत व्हते. फोनवर लई रडली."

"तेव्हाच का आला नाहीस?"

"मेंढरं कुनावर टाकू? चुकलंच माजं. पर आता आलोय, तर तुमी कागूद बंद करताय व्हय?"

मी कागद पुन्हा उघडले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनाही शंका होतीच. मेंदू त्यांनी राखून ठेवला होता.

"जोराच्या हिसक्यांनी मेंदूतले तंतू आतल्या आत ताणले जातात," त्या म्हणाल्या. "नुसत्या डोळ्यांना दिसत नाही."

मेंदूच्या पातळ कापावर अवरक्त किरण सोडायचे आणि त्यांतले कोणते शोषले गेले यावरून प्रथिनांतील बिघाड ओळखायचा, अशी तपासणी करणारी प्रयोगशाळा त्यांच्या माहितीत होती. नमुने मोहोरबंद करून पाठवले. अहवाल आला, तो सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीशी जुळला.

"डोकं पुन्हा पुन्हा हिसडलं गेलंय," डॉक्टर बाई म्हणाल्या. " त्यानंतर ती काही तास जिवंत होती. पण साहेब, पद्धत नवी आहे. एवढ्यावर कोर्टात टिकणार नाही. बाकीचं तुम्ही शोधा."

नवऱ्याला आणि सासूला ठाण्यात बोलावले. मारहाणीबद्दल मी काहीच विचारले नाही.

"ती पडल्यावर दवाखान्यात का नेलं नाही?"

"नेणार काय, सर? जागेवरच गेली होती."

"गेली नव्हती. कित्येक तास श्वास चालू होता. तेवढा वेळ तुम्ही काय करत होता?"

त्याने आईकडे पाहिले. ती चटकन बोलून गेली, "महाराज म्हणाले होते, बाधा उतरतीय, हात लावू नका."

मग सगळे बाहेर आले. महाराज म्हणवणाऱ्या एका देवऋषीने बाधा काढण्यासाठी केस धरून तिचे डोके गदागदा हलवले होते. हात या दोघांनी धरले होते. देवऋषीला नातेपुत्याच्या बाजारातून ताब्यात घेतले. तिघांवर सदोष मनुष्यवधाचे आणि जादूटोणाविरोधी कायद्याचे, अशी दोन्ही कलमे लावली. नवरा मलाच म्हणाला, "सर, एक चापटसुद्धा मारली नाही. खूण दाखवा ना अंगावर!" त्या क्षणी स्वतःचे हात आवरणे मला जड गेले.

पुरवणी जबाबासाठी भाऊ आला, तेव्हा त्याने विचारले, "ती जित्ती व्हती, तवा घरात कोन व्हतं?"

"सगळे होते."

तो जायला वळला. "मेंढरू आडवं पडलं तरी आमी त्येच्या तोंडाला पानी लावतो, सायेब."

रागाच्या भरात माणूस मारून नंतर रडणारे आरोपी मी पाहिले होते. इथे कोणी रागावलेलेही नव्हते. शेजारच्या खोलीत दोनदा चहा झाला, हे नवऱ्यानेच जबाबात सांगितले. पुढे सेवा संपेपर्यंत, घरातल्या मृत्यूची चौकशी करताना मी पहिला प्रश्न एकच विचारत आलो: ती पडलेली असताना तुम्ही कुठे बसला होता?