भरावावर आलेली माय

बाबांची तेरवी आटोपून मी साइटवर परतले, तोवर भिंत माझ्या डोक्याच्या वर गेली होती. तुमसरजवळ रेल्वेवरून जाणाऱ्या पुलाचा तो चढ, आणि त्याच्या भरावाची, तो धरणाऱ्या भिंतीची देखरेख माझ्याकडे. सगळ्यांनी हळू आवाजात विचारपूस केली. मी उत्तरं दिली आणि मुरूम किती ओला आहे ते पाहायला वर चढले. रडू येत नव्हतं. माय सिहोऱ्याला एकटी होती. तिचंही रडणं थांबलं होतं, पण बाबांना नेल्यापासून ती दाराबाहेर पडली नव्हती.

भूकंपाचा धक्का दुसऱ्या दिवशी सकाळीच बसला. भिंतीला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या मुरमावर अंथरून झाल्या होत्या, रोलर सुरू व्हायचा होता. पायाखाली कुणीतरी जड गाडी रेटत नेतंय असं वाटलं. खाली पत्र्याची केबिन खडखडली.

"मॅडम, खाली या! जमीन हालून राहिली!" रोलरवाला उडी मारून पळाला. त्याच्यामागे सगळे मजूर.

मी उभीच राहिले. भीती वाटायला हवी, हे कळत होतं. ती येईल म्हणून मी वाट पाहिली, पण आली नाही. मग सगळं शांत झालं.

पट्ट्या भरावात आत जिथं संपतात, त्या रेषेवर भेग पडली का, ते आधी पाहायचं असतं. मी चालत चालत पाहिलं. भेग नव्हती. खाली उतरून भिंतीच्या प्रत्येक काँक्रीट पॅनेलला ओळंबा लावला. एकही पॅनेल सरकलं नव्हतं. खरं तर धक्का इतका किरकोळ होता, की भिंतीची परीक्षा झाली असं म्हणता येणार नाही.

फोन केबिनमध्येच राहिला होता. तासाभरानं एक मोटरसायकल आली. शेजारच्या काकांच्या मागं, डोक्यावर पदर घट्ट धरून, माय बसली होती.

"फोन काहून नाही उचलत तू?"

"वर होती, माय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग भिंतीकडे. "हे पडलं नाही?"

"नाही."

"फटी त दिसून राहिल्या." तिनं दोन पॅनेलमधल्या सांध्यात बोट घातलं.

"त्या मुद्दाम ठेवल्या. हालाले जागा पाह्यजे ना. चिपकवले असते त फुटले असते."

"अन् मांगची माती? ते नाही ढकलत?"

"आतमधी पट्ट्या हायेत, थरावर थर, पार मांगपर्यंत. माती त्याईले दाबून धरते, अन् त्या मातीले धरतात. हाललं त सगळं संगच हालते."

"अन् मोठा धक्का आला त?"

"त भिंत थोडीशी समोर सरकन, पोट काढन. पण बांधली तशी राहिली त एकदम कोसळनार नाही."

मी हे पाठ म्हटल्यासारखं सांगत होते. मायनं मान हलवली. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "घर हाललं, भांडे वाजले. मी बाहेर धावली अन् तुह्या बापाले हाक मारली. दोनदा मारली. मंग ध्यानात आलं."

काकांनी तोंड फिरवलं.

"तुले भेव नाही लागला?" तिनं विचारलं.

"नाही."

"मले बी नाही लागला," ती म्हणाली. "काहीच नाही लागून राहिलं."

काका आपल्या कामाला गेले, आणि केबिनच्या सावलीत बसून आम्ही दोघींनी माझ्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. ती बऱ्यापैकी जेवली. दुपारी मी तिला सिहोऱ्याच्या बसमध्ये बसवलं. बस निघताना तिनं हात केला, मीही केला. त्या वेळी मला काय वाटलं, ते आठवत नाही. पुढे ती रोज सकाळी अंगणात बसू लागली, असं शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं.

त्या दुपारी बस गेल्यावर मी मजुरांना परत वर बोलावलं. दोघं यायला तयार नव्हते, त्यांना खालचं काम दिलं. बाकीच्यांनी मुरूम पसरला, आणि रोलर सुरू झाला.